हळदीच्या वाफ्यांतील अदृश्य मंडळी

जमिनींत अन्न भरपूर असावें आणि पीक मात्र उपाशी राहावें, हा प्रकार ऐकणारास विलक्षण वाटेल. परंतु कृष्णेच्या खोऱ्यांतील काळ्या रानांत हळद लावणाऱ्या शेतकऱ्याचा तो दरसालचा अनुभव आहे. लागणीच्या वेळीं तो सुपर फॉस्फेटचीं पोतीं मोजून घालतो, आणि पुढील वर्षीं तितकींच पोतीं पुन्हां आणतो. पहिल्या पोत्यांचें काय झालें हा प्रश्न त्याच्या मनांत येत नाहीं. कारण घातलेलें खत पिकानें खाऊन संपविलें, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः त्यांतील बराच मोठा भाग त्याच्याच रानांत, त्याच्याच पायांखालीं, कुलुपांत पडलेला असतो. हें कुलूप कोणतें, तें उघडतें कोण, आणि बाजारांत पाकिटांतून व बाटल्यांतून मिळणाऱ्या जिवाणू खतांचा त्याच्याशीं संबंध किती, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेक घरांची गांवाकडील जमीन अद्याप एकत्र आहे. एक भाऊ ती पाहतो, बाकीचे नोकरीधंद्यानिमित्त शहरांत असतात, आणि वर्षअखेर खर्चाचा कागद सर्वांपुढें येतो. त्या कागदावरील खताचा आंकडा पाहून ज्यांच्या कपाळास आंठ्या पडतात, त्यांना हा विषय परका वाटूं नये.

हळद हें मोठें खादाड पीक. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेलें बेणें माघ-फाल्गुनापर्यंत, म्हणजे आठ-नऊ महिने, जमिनींत असतें. तेवढ्या अवधींत वर कमरेएवढा पाला उभा राहतो, आणि खालीं जेठा गड्डा, त्याच्या बगला व हळकुंडें असा सगळा परिवार पोसला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें या पिकास हेक्टरीं २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद व १०० किलो पालाश अशी मात्रा सांगितली आहे. यांपैकीं स्फुरदाचाच हिशेब पाहूं. १०० किलो स्फुरद म्हणजे सोळा टक्के स्फुरद असलेलें ६२५ किलो सुपर फॉस्फेट, अर्थात् पन्नास किलोंचीं साडेबारा पोतीं. पहिल्या हंगामांत पिकाच्या मुखीं लागतो तो यांतील साधारण पंधरा ते वीस टक्के भाग, म्हणजे दोन-अडीच पोतीं. राहिलेलीं दहा पोतीं गेलीं कोठें?

तीं वाहून गेलीं नाहींत. नत्राची गोष्ट निराळी. तें पाण्याबरोबर खोल जातें किंवा वायुरूपानें उडून जातें. स्फुरद मात्र जेथें पडेल तेथें चिकटून राहणारें आहे. आमच्या देशावरच्या काळ्या जमिनींत चुनखडी पुष्कळ. विरघळलेल्या स्फुरदाची चुन्याशीं गांठ पडली कीं दोहोंचा संयोग होऊन पाण्यांत न विरघळणारा क्षार बनतो. कोंकणांतील व मलबारांतील जांभ्याच्या तांबड्या मातींत चुना फारसा नाहीं. तेथें लोह आणि ॲल्युमिनियम हेंच कार्य करितात. आतां, झाडाच्या मुळांना दांत नसतात. त्यांना अन्न प्यावें लागतें, आणि जें विरघळलें नाहीं तें त्यांच्या दृष्टीनें नसल्यासारखेंच. कोठी धान्यानें भरलेली, पण किल्ली माजघरांत कोठें ठेवली तें कोणास आठवत नाहीं, अशा घरांतील मुलांसारखी हळदीची स्थिति होते.

ती किल्ली ज्यांच्याजवळ आहे ते सूक्ष्मजंतु होत. जंतु म्हटल्याबरोबर विषमज्वर आणि पटकी डोळ्यांपुढें येतात, हा शाळांतून शिकविलेल्या आरोग्यशास्त्राचा परिणाम आहे. परंतु जंतूंची बहुसंख्य प्रजा रोगराईच्या वाटेस न जातां निमूटपणें मातींत राहून आपला चरितार्थ चालविते. मुळाला चिकटलेल्या चिमूटभर मातींत त्यांची वस्ती कोट्यवधींनीं मोजावी लागते. मूळही त्यांना उगाच आश्रय देत नाहीं. पानांनीं सूर्यप्रकाशांत तयार केलेल्या साखरेचा कांहीं अंश मुळांतून सभोंवार पाझरत असतो. त्याच्या लोभानें ही मंडळी तेथें जमते. त्यांतील कित्येक जाती आपल्या शरीरांतून आम्ल पदार्थ बाहेर टाकतात. हीं आम्लें चुन्याला अगर लोहाला आपल्याकडे ओढून घेतात, आणि त्यांच्या मिठींत सांपडलेलें स्फुरद मोकळें होतें. दुसऱ्या कांहीं जाती मेलेल्या पाल्यापाचोळ्यांतील स्फुरद एका पाचक रसानें सोडवितात. जस्त विरघळविणाऱ्या जाती आहेत, लोह पकडून आणणाऱ्याही आहेत. चुनखडीच्या रानांत हळदीचीं कोवळीं पानें लोहावांचून पिवळीं पडलेलीं ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना या शेवटच्या जातीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

जे गृहस्थ या सर्व प्रकारास थोतांड म्हणतात, त्यांनीं युरियाचा विचार करावा. युरिया हा पिकाचा घास बनण्यापूर्वीं मातींतील सूक्ष्मजंतूंपासून निघालेला पाचक रस त्याचा अमोनिया करतो, आणि मग निराळ्याच दोन जातींचे जंतु पाठोपाठ काम करून त्या अमोनियाचें नत्राम्लाच्या क्षारांत रूपांतर करितात. या दुसऱ्या कामाचा उलगडा रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यानें १८९० च्या सुमारास केला. सारांश, जंतूंवर विश्वास नसणारा शेतकरीही पोतें फोडल्या दिवसापासून त्यांचाच चाकरमानी असतो.

स्फुरद मोकळें करणारे जंतु कसे ओळखावे, याची एक युक्ति रशियांतील पिकोव्हस्काया या विदुषीनें १९४८ सालीं प्रसिद्ध केली. ती आम्हांस फार सुंदर वाटते. कांचेच्या पसरट बशींत खळीसारखा थिजणारा पदार्थ ओतावयाचा, त्यांत थोडी साखर आणि पाण्यांत न विरघळणारें कॅल्शियमचें स्फुरद मिसळावयाचें. बशी दुधासारखी पांढरी दिसते. तिच्यावर मातीच्या पाण्याचा थेंब पसरून ती उबेंत ठेवावयाची. थोड्या दिवसांनीं जंतूंचे ठिपके उमटतात. त्यांतील बहुतेकांभोंवतीं पांढरेपणा तसाच राहतो, परंतु एखाद्या ठिपक्याभोंवतीं चंद्राला खळें पडावें तसें स्वच्छ, पारदर्शक वलय दिसूं लागतें. तेथील स्फुरद विरघळलें! ज्याचें वलय मोठें तो जंतु हुशार, असें मानून त्याची निराळी पैदास करावयाची. आज बाजारांत जें स्फुरद विरघळविणारें जिवाणू खत मिळतें, त्याच्या मुळाशीं ही परीक्षा आहे.

परंतु बशी निराळी आणि रान निराळें. बशींत जंतूला साखर आयती मिळते, प्रतिस्पर्धी कोणी नसतो, आणि त्यानें टाकलेलें आम्ल आम्लच राहतें. चुनखडीच्या काळ्या मातींत तें आम्ल बाहेर पडतें न पडतें तोंच मुबलक चुना त्याला निष्प्रभ करून टाकतो. शिवाय तेथें पूर्वींपासून नांदणारे लक्षावधि गांवकरी जंतु नव्या पाहुण्याला सुखानें घांस घेऊं देत नाहींत. सोव्हिएत रशियांत अशा जंतूंचें 'फॉस्फोबॅक्टेरिन' नांवाचें खत पुष्कळ क्षेत्रावर वापरीत आणि त्याचे गोडवे गात. तेंच अमेरिकेच्या शेतकी खात्यानें तपासून पाहिलें, तेव्हां १९६२ सालच्या अहवालांत म्हणण्यासारखा फायदा नाहीं असा निर्वाळा त्यास द्यावा लागला. म्हणून पाकिटावरील भरघोस पिकाचें चित्र पाहून भाळूं नये, आणि एका वर्षाच्या अपयशानें सर्वच खोटें असेंही म्हणूं नये. जंतु कोणत्या मातींतून निवडला, कोणत्या पिकाच्या मुळाशीं तो रमतो, आणि त्यास तेथें खावयास काय मिळतें, यांवर सर्व अवलंबून आहे.

नत्राविषयीं एक घोटाळा मात्र दूर करणें अवश्य आहे. हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन पंडितांनीं १८८६ सालीं दाखवून दिलें कीं, द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठींतून हवेंतील नत्र झाडाच्या उपयोगीं पडतो; त्या गांठींतील जंतु हॉलंडच्या बायेरिंक यानें १८८८ सालीं वेगळा काढला. आपल्या देशांत या जंतूंचा अभ्यास एन्. व्ही. जोशी यांनीं १९२० च्या सुमारास सुरू केला. हा रायझोबियम तुरी-हरभऱ्याचा सोबती आहे. हळदीच्या मुळांवर तो गांठी धरीत नाहीं. तथापि 'नत्राचें खत' या एकाच नांवाखालीं तो हळदवाल्याच्या पिशवींत घालणारे दुकानदार आहेत. हळद, आलें, मिरी या पिकांस सांगितला जातो तो ॲझोस्पिरिलम. ब्राझीलमधील योहाना डोबेरायनर या विदुषीनें १९७० नंतरच्या दशकांत त्याचें महत्त्व जगापुढें मांडलें. तो मुळांच्या अंगाखांद्यावर राहतो, थोडाबहुत नत्र बांधतो, आणि त्याहून मोठें काम म्हणजे वाढीस उत्तेजक असें एक द्रव्य सोडून बारीक मुळांचें जाळें वाढवितो. जाळें मोठें तितका घांस मोठा.

मसाल्याच्या पिकांपुरतें या शास्त्राचें माहेरघर केरळांत, कोळिकोड येथें आहे. तेथील भारतीय मसाला पिकें संशोधन संस्था १९९५ पासून या नांवानें ओळखली जाते. मिरीचा वेल, आलें, हळद व वेलदोडा यांच्या मुळांजवळील मातींतूनच जंतु निवडून ते त्याच पिकांस द्यावयाचे, अशी तेथील दिशा आहे. वर सांगितलेल्या पाहुण्याच्या अडचणीवर हाच खरा उपाय दिसतो. मिरीच्या वेलासाठीं त्यांनीं निवडलेला स्यूडोमोनस जातीचा जंतु मुळांना बळ देतो आणि वेल झपाट्यानें मारणाऱ्या बुरशीशींही झगडतो. डॉ. एम्. आनंदराज हे संचालक असतांना या संस्थेनें जंतु औषधाच्या कॅप्सुलांत भरण्याची कृति शोधून काढली. सुमारें एक ग्राम वजनाची कॅप्सूल किलोभर भुकटीच्या जागीं चालते; ती पाण्यांत विरघळवून द्यावयाची. रत्नागिरी-सिंधुदुर्गांत ज्यांच्या पोफळींवर मिरीचे वेल चढलेले आहेत, त्यांची माती मलबारच्याच जातीची असल्यामुळें त्यांना या कामाचा उपयोग आपल्याहून अधिक.

येथें आमचे कांहीं संस्कृताभिमानी स्नेही म्हणतील कीं, हें सर्व आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. सुरपालाचा वृक्षायुर्वेद पाहा! तो ग्रंथ आम्हीं पाहिला आहे. १९९६ सालीं नलिनी साधले यांच्या इंग्रजी भाषांतरासह तो प्रसिद्ध झाल्यापासून त्यांतील कुणपजलाची चर्चा फार होते. मांस, मज्जा, तिळाची पेंड, उडीद, मध, दूध असे पदार्थ शिजवून व कुजवून केलेलें हें द्रवखत होय; 'कुणप' शब्दाचा अर्थ जाणणाऱ्या शाकाहारी कुटुंबांत तें करण्याचा प्रसंग न येवो! कुजविलेलें अन्न झाडास मानवतें, हें निरीक्षण सूक्ष्म आहे आणि त्याचें श्रेय त्या आचार्यांस दिलेंच पाहिजे. परंतु कुजविणारा कोण, हें त्यांनीं सांगितलेलें नाहीं, आणि सूक्ष्मदर्शकावांचून सांगणें शक्यही नव्हतें. जें त्यांनीं पाहिलें तेवढ्याचाच मान त्यांना द्यावा. न पाहिलेल्याचा देणें म्हणजे त्यांचें हसें करून घेणें होय.

आतां पाकिटाकडे वळूं. गृहिणींना तें चटकन् समजेल, कारण तें विरजणासारखें आहे. विरजण म्हणजे दहीं नव्हे. तें दुधांत पडलें पाहिजे, दूध कोमट पाहिजे, आणि विरजण जिवंत पाहिजे. उकळत्या दुधांत घातलें तर तें मरतें; दूधच नसेल तर चमचाभर विरजणाचें कोणी काय करील? सरकारनें २००६ सालीं जिवाणू खतें खत नियंत्रण आदेशाखालीं आणलीं. त्याप्रमाणें भुकटीच्या दर ग्रामांत निदान पांच कोटि आणि द्रवरूप खताच्या दर मिलिलिटरांत निदान दहा कोटि जिवंत जंतु असावे लागतात. कारखान्यांतून निघतांना ते असतीलही. परंतु एका तालुक्याच्या गांवीं वैशाखाच्या उन्हांत दुकानाच्या दारावर तोरणासारखीं टांगलेलीं हीं पाकिटें आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत. त्यांतील जंतूंची काय गति झाली असेल? भुकटी तशीच काळी दिसते, वास तसाच येतो, किंमतही तीच. मेल्याजित्याची खूण नुसत्या डोळ्यांस पटत नाहीं. म्हणून तारीख पाहूनच पाकीट घ्यावें, शक्य तर कृषि विद्यापीठाकडून घ्यावें, आणि घरीं आणल्यावर फवारणीच्या औषधांच्या फडताळांत न ठेवतां थंड, अंधाऱ्या जागीं ठेवावें.

वापरतांना क्रम चुकूं नये. कंदकुजीसाठीं बेण्यास बुरशीनाशक लावावयाचें असेल तर तें आधीं. बेणें सावलींत सुकवून घ्यावें आणि जिवाणूंच्या पाण्यांत सर्वांत शेवटीं बुडवावें. हा क्रम उलटला तर पैसे देऊन आणलेले पाहुणे आपल्याच हातानें मारल्यासारखें होतें. बुडविलेलें बेणें उन्हांत पसरूं नये, त्याच दिवशीं ओलींत लावावें. रासायनिक खताबरोबर एकाच घमेल्यांत तें कालवूं नये. दोहोंमध्यें थोड्या दिवसांचें अंतर असावें. याहून चांगला मार्ग असा कीं, पाकीट चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मिसळून, तो ढीग ओला करून आठवडाभर सावलींत झांकून ठेवावा आणि मग वाफ्यांत द्यावा. म्हणजे जंतु रानांत उतरण्यापूर्वींच जेवूनखाऊन संख्येनें वाढतात.

या जेवणाकडेच आपलें दुर्लक्ष झालें आहे. जमिनींतील कुजलेला सेंद्रिय अंश हेंच जंतूंचें दूध. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळा सेंद्रिय कर्बाचें प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असलें म्हणजे जमीन दरिद्री समजतात, आणि देशावरच्या पुष्कळ रानांचा कागद तेंच सांगतो. पूर्वीं गोठ्यांतलें शेण रानांत जाई. आतां गोठा नाहीं, आणि ट्रॉलीनें विकत घेतलेलें शेणखत महाग पडतें, म्हणून त्यांत काटकसर होऊन तीच रक्कम पोत्यांकडे वळते. काढणीच्या वेळीं कापलेला हळदीचा पाला बांधावर पेटवून देण्याची चालही आम्हांस असह्य वाटते. तो पाला म्हणजे त्याच रानांतून वर आलेलें धन. तो कुजविला तर पुढच्या पिकाचें विरजण आणि दूध दोन्ही त्यांतून निघतें. मलबारांत आल्या-हळदीच्या वाफ्यांवर हिरव्या पाल्याचें आच्छादन घालण्याची रीत आहे, ती तरी घ्यावी. आजकाल शेण, गोमूत्र, गूळ व डाळीचें पीठ यांचें जीवामृत पुष्कळ ठिकाणीं करितात; तेंही मूलतः जंतूंचें जेवणच होय. त्यांत नक्की कोणते जंतु वाढतात हें दर पिंपाला बदलतें, एवढाच त्याचा दोष.

याच्या उलट टोंकाला जाऊन, जिवाणू आले म्हणजे खताचें पोतें एकदम बंद, असें सांगणारे प्रचारकही गांवोगांव हिंडत आहेत. नत्र हवेंतून येऊं शकतो. स्फुरद, पालाश व जस्त हवेंतून येत नाहींत. जंतु तीं उत्पन्न करीत नाहींत, साठलेलीं मोकळीं करितात. ज्या रानांत वीस-पंचवीस वर्षें सुपर फॉस्फेट पडलें आहे तेथें साठा मोठा आहे, आणि तेथें स्फुरदाची मात्रा माती तपासून क्रमाक्रमानें उतरविणें शहाणपणाचें ठरेल. परंतु ज्या माळरानाला कधीं कांहीं मिळालेंच नाहीं, त्याच्या कोठींत किल्लीनें तरी काय निघणार? माती न तपासतां दोन्ही रानांस एकच उपदेश करणें म्हणजे वडिलोपार्जित ठेव असलेल्यास व नसलेल्यास एकच खर्चाचें अंदाजपत्रक बांधून देण्यासारखें आहे.

तेव्हां ज्यांच्या घरीं हळद आहे त्यांनीं यंदाच्या लागणीस एवढें करावें. एकाच मगदुराच्या रानांत वाफे निवडून एकाआड एक वाफ्यास जिवाणू द्यावे, मधले तसेच ठेवावे. शेणखत, पाणी व पोत्यांतील खत दोहोंस सारखें. खुंट्या मारून त्यांवर खुणा कराव्या, कारण आठ महिन्यांनीं कोणता वाफा कोणता हें कोणाच्याही लक्षांत राहत नाहीं. काढणीच्या वेळीं दोन्हींचे गड्डे निरनिराळे तोलावे. आणि ओल्या वजनावर न थांबतां शिजवून वाळविल्यावर पुन्हां तोलावे, कारण पांच मण ओल्याचा साधारण एकच मण वाळका माल होतो आणि बाजारांत विकला जातो तो वाळका. पावसाचें मान दर वर्षीं निराळें असतें. म्हणून हें तीन वर्षें करून तिन्ही वर्षांचे आंकडे खर्चाच्या त्याच कागदावर, खताच्या रकमेशेजारीं लिहावे.